घरभाषा बंद करण्याआधी: वाचा-उपचारासाठी परिसरशास्त्राचे धडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की तीन-चार वर्षांच्या मुलांना घेऊन वाचा-उपचारासाठी येणाऱ्या पालकांची गर्दी वाढते. मूल अजून बोलत नाही, बोलते ते घराबाहेरच्यांना कळत नाही, किंवा शाळेत विचारले तेव्हा त्याने तोंडच उघडले नाही, अशा त्यांच्या तक्रारी असतात. यांतल्या बऱ्याच घरांत आमच्यापर्यंत येण्याआधीच एक सल्ला अमलात आलेला असतो, तो म्हणजे मुलाशी यापुढे एकच भाषा बोलायची आणि तीही शाळेची. आमच्या सोलापुरात याचा अर्थ असा होतो की पूर्व भागातल्या एखाद्या घरात तेलुगू बंद होते, दुसऱ्या घरात कन्नड, दख्खनी किंवा मराठी बंद होते, आणि ज्या आईवडिलांना स्वतःला इंग्रजीत चार वाक्ये सलग बोलायची सवय नाही ते दिवसभर मुलाशी ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ एवढ्याच शब्दांत बोलू लागतात. हा सल्ला कोणी शाळेत दिलेला असतो, कोणी दवाखान्यात, आणि सांगताना वाईट वाटते, पण कधीकधी आमच्याच व्यवसायातल्या व्यक्तीनेही. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. सल्ला मात्र मुलाचे नुकसान करणारा आहे, आणि तो ज्या दृष्टीतून येतो त्या दृष्टीबद्दल थोडे सविस्तर लिहावे म्हणून हा पत्रप्रपंच.

वाचा-उपचाराकडे वळण्यापूर्वी माझा पदवीचा विषय वनस्पतिशास्त्र होता आणि परिसरशास्त्राचे, म्हणजे सजीव व त्यांचा भोवताल यांच्यातील संबंधांच्या अभ्यासाचे, वाचन पुढेही सुटले नाही. या शास्त्राने गेल्या पन्नास-साठ वर्षांत स्वतःच्याच चुकलेल्या निर्णयांतून बरेच काही शिकून घेतले आहे, आणि त्यातले काही धडे मुलांच्या वाचा-उपचाराला फार उपयोगी आहेत असे माझे ठाम मत झाले आहे. ही सांगड घालणारी मी पहिली नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७० च्या दशकातच मुलाचा विकास त्याच्या परिसरापासून वेगळा काढून अभ्यासता येणार नाही, अशी मांडणी केली होती. अनोळखी जागी, अनोळखी मोठ्या माणसासमोर, अगदी थोडा वेळ बसवलेल्या मुलाच्या वागण्यावरून आपण बालविकासाचे नियम काढत आहोत, अशी त्यांची तक्रार होती. आमच्या उपचारकक्षाचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही. ब्रॉन्फेनब्रेनर आमच्या परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत नेहमी येतात, पण कक्षातले टेबल, दोन खुर्च्या आणि फ्लॅश कार्डांचा गठ्ठा जिथे होता तिथेच आहे.

भरतपूरची हकीकत परिसरशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. सर्वसामान्य वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. १९८२ साली राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात म्हशी आणि गुरे चारण्यावर पूर्ण बंदी आली. तोपर्यंत आसपासच्या गावांची जनावरे पिढ्यान् पिढ्या त्या पाणथळीत चरत आली होती. पक्ष्यांसाठी राखलेल्या जागेत म्हशींचे काय काम, त्या बाहेर गेल्या की पाणथळ आपोआप सुधारेल, हा विचार त्या वेळच्या मोठ्या जाणकारांनाही पटलेला होता. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली, तरीही बंदी कायम राहिली. पुढच्या काही वर्षांत उथळ पाण्यावर ‘पॅस्पॅलम’ नावाचे गवत असे माजले की पाणपक्ष्यांना लागणारे मोकळे पाणी आक्रसत गेले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या दशकात डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तिथे दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्यातून जो निष्कर्ष निघाला तो बंदीच्या बाजूचा नव्हता. म्हशी ते गवत खाऊन आणि तुडवून पाणी मोकळे ठेवत होत्या, आणि त्यांना बाहेर काढल्यामुळे पक्ष्यांचे नुकसान झाले होते. बाहेरून पाहणाऱ्यांना जो उपद्रव वाटला होता त्याच्याच आधारावर ती पाणथळ टिकून होती, आणि हे कळण्यासाठी आवश्यक असलेला अभ्यास बंदीच्या आधी पूर्ण झालेला नव्हता.

बोलण्यात मागे असलेल्या मुलाच्या घरातली ‘जास्तीची’ भाषा बंद करताना आपण अगदी हेच करतो. एका घराचे उदाहरण देते; कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. साडेतीन वर्षांचा मुलगा, वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये, त्यामुळे दिवसातला मोठा भाग मूल आजीजवळ. आजी तेलुगूच बोलते, मराठी तिला समजते. शहरातल्या एका खासगी केंद्रात त्यांना सांगण्यात आले होते की मुलाचा भाषांमध्ये गोंधळ उडाला आहे, तेव्हा आजीने त्याच्याशी तेलुगूत बोलणे थांबवावे. माझ्या खोलीत त्या मुलाने चित्रांकडे पाहिलेही नाही, आणि तेवढ्यावरून अहवाल लिहिला असता तर त्यात ‘शब्दोच्चार नाहीत’ असेच आले असते.

त्याच मुलाला मी दुपारी त्याच्या घरी पाहिले. आजी उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होती आणि तो तिच्या समोर मांडी घालून बसला होता. आजी एक शेंग चिमटीत धरून थांबायची. मुलगा आधी शेंगेकडे, मग तिच्या तोंडाकडे पाहायचा आणि ‘इंका’ म्हणायचा, म्हणजे आणखी हवे. ती शेंग फोडायची, एक दाणा त्याच्या तळहातावर ठेवायची, दुसरा सुपात टाकायची, आणि पुन्हा थांबायची. मध्येच त्याने स्वतः एक शेंग उचलून तिच्यासमोर धरली आणि तिने मागेपर्यंत सोडली नाही. हे सगळे चालू असताना आजीच्या ओठांवर शब्द येत होते आणि ती ते गिळत होती. सुनेकडे पाहत होती, बोलू का, असे विचारल्यासारखी. मी ‘बोला’ म्हटल्यावर त्याच्या एका ‘इंका’ला तिने पूर्ण वाक्याने उत्तर दिले, आणि मुलाने त्या वाक्याचे शेपूट लगेच उचलले.

वाट पाहणे, नजरेला नजर देणे, आळीपाळीने काही करणे, मुलाने टाकलेला एक शब्द थोडा मोठा करून त्याला परत देणे, या गोष्टी आमच्या अभ्यासक्रमात तंत्रे म्हणून शिकवल्या जातात आणि पालकांना त्या शिकवण्यासाठी आम्ही फी घेतो. त्या घरात ही सर्व तंत्रे आयती चालू होती. ज्या व्यक्तीला ती येत होती तिलाच गप्प बसवण्यात आले होते, आणि तिच्या जागी जी भाषा आणली ती घरातल्या कोणालाही त्या सहजतेने वापरता येत नव्हती. आजीची भाषा गेल्याने इंग्रजी वाढते असे नाही. मुलाशी होणारे बोलणेच एकूण कमी होते. आजी, आत्या, शेजारच्या काकू ही माणसे मुलाच्या दिवसातून बाजूला पडतात आणि त्यांच्याबरोबर गोष्टी, दटावणी, लाड, देवाची गाणी हे सगळेच जाते.

दोन भाषांनी मूल गोंधळते, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. कॅनडामध्ये जोहान पॅराडिस, मार्था क्रॅगो, फ्रेड जेनेसी आणि मेबल राइस यांनी २००३ साली भाषाविकार असलेल्या सात वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत वाढलेली भाषाविकार असलेली मुले, आणि त्यांपैकी एकाच भाषेत वाढलेली तसाच विकार असलेली मुले, यांची तुलना केली तेव्हा दुभाषिक मुलांच्या अडचणी अधिक तीव्र आढळल्या नाहीत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांबाबतही २००५ साली कॅनडातूनच तशाच आशयाचा निष्कर्ष आला, आणि स्वमग्न मुलांवरच्या नंतरच्या अभ्यासांतही दुसऱ्या भाषेमुळे हानी झाल्याचे दिसलेले नाही. भाषाविकार असलेल्या मुलाला दोन्ही भाषांत अडचण येते हे खरे. पण एक भाषा काढून घेतल्याने दुसरीतील अडचण कमी होते, असा पुरावा नाही. आपल्या देशात, जिथे दोन-तीन भाषांत वाढणे हीच नेहमीची गोष्ट आहे, तिथे हा सल्ला इतका सहज दिला जातो याचे मला फार आश्चर्य वाटते.

दुसरा धडा मोजपट्टीचा आहे, आणि त्यासाठी सोलापूरकरांना दूर जायला नको. शहरापासून जवळच नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे. दख्खनच्या पठारावरचे असे गवताळ माळ सरकारी दफ्तरात वर्षानुवर्षे पडीक म्हणून नोंदले गेले, कारण पाहणाऱ्याच्या मनात दाट जंगल हीच निसर्गाची आदर्श अवस्था होती आणि जंगल नसलेली जमीन म्हणजे बिघडलेली जमीन. बिघडलेली म्हणून ती सुधारायची, आणि सुधारायची म्हणून तिच्यावर गिरिपुष्पासारखी झाडे लावायची. माळढोक, चिंकारा, लांडगा यांना मोकळा माळच लागतो, तिथले गवत हेच तिथले वैभव आहे, हे परिसरशास्त्रज्ञ आता पुन्हा पुन्हा सांगत आहेत. जुन्या मराठी साहित्यातल्या झाडागवतांच्या उल्लेखांचा आधार घेऊन हे माळ शतकानुशतके असेच मोकळे होते, असेही अलीकडे अभ्यासकांनी दाखवले आहे.

मुलांच्या भाषेची मोजपट्टी आम्ही अशीच परकी जमीन मनात धरून वापरतो. परदेशात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून ठरवलेले टप्पे, त्याच चाचण्यांची भाषांतरे, आणि आमच्या मुलांनी कधी न पाहिलेल्या वस्तूंची चित्रे. ज्या मुलाला चित्रातला बर्फाचा बाहुला ओळखता येत नाही त्याला आत्या, मावशी, काकू आणि मामी यांतला फरक बिनचूक कळत असतो, पण त्यासाठी आमच्या कागदावर चौकट नसते. तेलुगूभाषक घरातले मूल मराठी बोलताना ‘माझा वही’, ‘मोठी घर’ असे म्हणते तेव्हा ते मराठीची तीन लिंगे शिकण्याच्या वाटेवर असते. तो विकार नव्हे. हेच मूल तेलुगूतही आपल्या वयाच्या इतर मुलांहून फार मागे असेल तर मात्र ती खरी चिंतेची बाब आहे, आणि ते तेलुगूत ऐकल्याशिवाय कळणारच नाही. सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या किंवा मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारून त्याच्या मौनाची नोंद ‘भाषाविलंब’ म्हणून करणे आणि माळाची नोंद ‘पडीक’ म्हणून करणे, या दोन्हींत मला एकच चूक दिसते. या चुकीची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. ‘त्याची भाषाच वेगळी आहे’ असे म्हणून ज्याला खरोखर विकार आहे ते मूलही हातातून निसटते. स्थानिक मोजपट्टी हवी ती दोन्ही प्रकारच्या मुलांसाठी.

राजस्थानातल्या सरिस्काची आठवण मला आमचे प्रगती अहवाल वाचताना नेहमी येते. तिथल्या व्याघ्रप्रकल्पात पावलांच्या ठशांवरून वाघ मोजले जात होते. २००४ पर्यंत सरकारी गणनेत वाघ दाखवले गेले आणि २००५ च्या सुरुवातीला तिथे एकही वाघ उरलेला नाही हे उघड झाले. शिकाऱ्यांनी ते संपवले होते, पण मोजणीच्या पद्धतीला त्याचा पत्ता लागला नव्हता. त्यानंतर देशभरात ठशांची पद्धत मागे पडली आणि कॅमेऱ्यातली छायाचित्रे व संख्याशास्त्र यांवर आधारलेली गणना आली. आमच्याकडे, समजा ‘काका’ऐवजी ‘ताता’ आणि ‘गाडी’ऐवजी ‘दाडी’ म्हणणारे मूल आहे. कक्षात कार्ड दाखवून सराव घेतला की काही आठवड्यांत ते दहापैकी आठ वेळा ‘क’ बरोबर म्हणते, अहवालात ‘८० टक्के अचूकता’ लिहिली जाते आणि उद्दिष्ट साध्य झाले असे धरले जाते. घरी गेल्यावर ते काकाला ‘ताता’च म्हणत असते. मुलाने कष्ट केले, आईने रजा काढून रिक्षाचे भाडे भरले, उपचारतज्ज्ञानेही प्रामाणिकपणे शिकवले, आणि तरी जे मोजायला हवे होते ते कोणीच मोजले नाही. ज्या ठिकाणी बोलणे वापरायचे आहे त्या ठिकाणी ते आले की नाही, एवढीच खरी मोजणी. आज पालकांच्या हातातल्या फोनवर जेवणाच्या वेळचे पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण करता येते. माझ्याकडे आलेल्या पालकांनी पाठवलेल्या अशा मुद्रणांतून मुलाबद्दल जे कळले ते अनेकदा कक्षातल्या पूर्ण सत्रात कळले नव्हते.

मोजणीचा विषय निघालाच आहे तर एका फार पसरलेल्या आकड्याबद्दल लिहिणे भाग आहे. गरीब घरातल्या मुलाच्या कानावर वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा ३ कोटी शब्द कमी पडतात, असे पालकांच्या कार्यशाळांत सर्रास सांगितले जाते. हा आकडा बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून आला. अमेरिकेतील कॅन्ससमधली ४२ कुटुंबे, दर महिन्याला एक तास निरीक्षण, आणि त्यावरून केलेला पुढचा हिशेब, असे त्याचे स्वरूप होते. सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबे त्यात फक्त सहा होती. पक्ष्यांची पाहणी करणारा कोणीही सांगेल की महिन्यातून एक तास एकाच ठिकाणी उभे राहिले तर काही पक्षी दिसणारच नाहीत, आणि न दिसलेले पक्षी नाहीतच असे धरून चालत नाही. २०१८ साली डग्लस स्पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या समाजांतली घरे पुन्हा तपासली. मुख्य पालकाखेरीज इतर माणसांचे आणि आजूबाजूला चाललेले बोलणेही मोजले तेव्हा शब्दसंख्या बरीच वाढली आणि एकाच आर्थिक स्तरातल्या घरांमध्येही मोठा फरक आढळला. कानावर नुसते पडलेले बोलणे आणि मुलाला उद्देशून केलेले बोलणे यांचा उपयोग सारखा नसतो, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो मला रास्त वाटतो. तरीही आपल्याकडच्या वाड्यातल्या, चाळीतल्या किंवा वस्तीतल्या मुलाचे भाषिक जग फक्त आईच्या तोंडून मोजणे चुकीचेच ठरेल, आणि त्या आकड्याच्या जोरावर कष्टकरी आईला दोषी ठरवणे तर अन्यायाचे आहे.

या सगळ्यावर कोणी म्हणेल की घराघरांत जाऊन काम करायला माणसे कुठून आणायची. याचे एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात शोधले गेले आहे. ‘संगात’ या संस्थेच्या अभ्यासकांनी इंग्लंड व पाकिस्तानमधील सहकाऱ्यांबरोबर गोवा आणि रावळपिंडी येथे स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी एक पद्धत वापरून पाहिली. तिचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले त्यात होती. त्यांतल्या साधारण निम्म्यांच्या पालकांबरोबर, तज्ज्ञ नसलेल्या पण खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी, सहा महिन्यांत बारा बैठका घेऊन काम केले. पालक आणि मूल खेळत असतानाचे चित्रीकरण दोघांनी मिळून पाहायचे, मुलाने कुठे पुढाकार घेतला आणि पालकाने तो कुठे उचलला हे शोधायचे, आणि तेवढेच वाढवत न्यायचे, अशी ती पद्धत. पालकांचे प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागले आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. त्याच वेळी एका मोजमापात उलटा परिणाम दिसला: पालक व मूल यांचे लक्ष एकाच गोष्टीवर एकत्र असण्याचा वेळ कमी झाला. अभ्यासकांनी ही नोंद लपवली नाही. परिसरात एक गोष्ट बदलली की दुसरी कुठे तरी हलते, म्हणून फक्त हवी तीच गोष्ट मोजायची नाही, हा परिसरशास्त्राचा नियम इथे प्रत्यक्ष पाळलेला दिसतो, आणि आमच्या नेहमीच्या अहवालांत मला हाच सर्वांत कमी दिसतो.

या तुलनेच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण तिचा गैरअर्थ निघण्याची भीती मला वाटते. परिसरशास्त्रावरून उपचाराचा पुरावा मिळत नाही. कुठे पाहावे, काय विचारावे एवढेच त्यातून सुचते. पुरावा मुलांवर केलेल्या काळजीपूर्वक अभ्यासातूनच यायला हवा. त्या बाबतीतही स्टुअर्ट हर्लबर्ट या परिसरशास्त्रज्ञांनी १९८४ साली दिलेला इशारा आम्हाला लागू पडतो: जळालेल्या एकाच रानातल्या अनेक चौकटी मोजल्या म्हणून अनेक रानांचा अभ्यास झाला असे होत नाही. एकाच केंद्रातल्या एकाच उपचारतज्ज्ञाकडे आलेल्या थोड्या मुलांची शेकडो सत्रे मोजून ‘आमची पद्धत सिद्ध झाली’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी हे वाचावे.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. परिसर जपा याचा अर्थ काहीच करू नका, असा कृपया कोणी घेऊ नये. ‘याचा मामाही पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता’, ‘वेळ आली की बोलेल’ असे म्हणून वर्षे घालवलेली मुले आम्ही पाहतो, आणि त्यांतली काही मुळात ऐकूच न येणारी असतात. बोलायला उशीर होत असेल तर सर्वांत आधी श्रवणाची तपासणी झाली पाहिजे. लहान मुलाला सांगता येत नसले तरी बेरासारख्या, म्हणजे आवाजाला मेंदूपर्यंत मिळणारा विद्युत प्रतिसाद मोजणाऱ्या, चाचणीने ऐकण्याची क्षमता तपासता येते. दुभंगलेल्या टाळूला शस्त्रक्रिया लागते, कमी ऐकू येणाऱ्या मुलाला श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे उपकरण) लागते, आणि पुष्कळ मुलांना नियमित, थेट, तज्ज्ञाच्या हातचा उपचारच लागतो. घर हे त्या उपचाराला पर्याय नाही. उपचार ज्या ठिकाणी रुजायचा ते ठिकाण घर आहे, म्हणून उपचार करणाऱ्याने ते पाहिलेले असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तेव्हा भाषाविलंबाचा समावेश तपासणीच्या यादीत करण्यात आला, फिरत्या पथकांनी वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत जायचे ठरले, आणि पुढील उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची कल्पना आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा यांच्या दिव्यांगत्वाला स्वतंत्र स्थान मिळाले. म्हणजे चौकट तयार आहे. त्या चौकटीत काही साधे बदल तातडीने करता येतील. तपासणीच्या पहिल्याच कागदावर मुलाभोवती कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात, दिवसाचा जास्त वेळ मूल कोणाजवळ असते आणि ती व्यक्ती कोणत्या भाषेत बोलते, हे विचारणारे रकाने असावेत. ती व्यक्ती आजी असेल तर तपासणीला आजीलाही बोलवावे. अंगणवाडी सेविका त्याच वस्तीतली आणि बहुधा तीच भाषा बोलणारी असते. मुलाच्या घरातल्या बोलण्याबद्दल तिचे निरीक्षण अहवालात नोंदवले जावे आणि त्यासाठी तिला वेळ व मानधन दोन्ही मिळावे, कारण तिच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. जिल्हा केंद्रातल्या वाचा-उपचारतज्ज्ञाला महिन्यातले काही दिवस गृहभेटींसाठी राखून द्यावेत आणि प्रवासभत्ता वेळेवर मिळावा. मुंबईचे अली यावर जंग संस्थान, म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि राज्यातली महाविद्यालये यांनी मिळून अहिराणी, कोरकू, पावरी, गोंडी, दख्खनी, सोलापुरी तेलुगू अशा भाषांत वाढणाऱ्या मुलांचे टप्पे त्या-त्या ठिकाणी नोंदवण्याचे काम हाती घेतले तर पुढच्या पिढीतल्या उपचारतज्ज्ञांना परक्या मोजपट्टीवर विसंबावे लागणार नाही.

यांपैकी निधीची वाट न पाहता उद्यापासून करता येण्याजोगी गोष्ट शाळा, बालरोगतज्ज्ञ आणि आम्ही उपचारतज्ज्ञ यांच्या हातात आहे. घरातली भाषा बंद करा, असे पालकांना सांगणे आपण सर्वांनी थांबवावे, आणि ज्यांना तसे आधी सांगितले गेले आहे त्यांना पुन्हा बोलावून तो सल्ला मागे घ्यावा. आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांमध्ये असे पालक असतील तर त्यांनी आपल्या उपचारतज्ज्ञाला याबद्दल निःसंकोचपणे विचारावे आणि आजी-आजोबांना मुलाशी त्यांच्या भाषेत बोलू द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचा-उपचारतज्ज्ञ, सोलापूर